चमचा सांभाळा, लिंबू राहील

समोर बहुतेक पालक आहेत, पहाटे पाचला मुलांना तलावावर सोडणारे. त्यामुळे फ्रीस्टाइल, बटरफ्लाय समजावत बसत नाही. एकच करा, उजवा हात वर नेऊन दंड कानाला लावा. अर्ध्या सभागृहाचा लागत नाहीये! तुमच्या मुलांचा लागतो, वर मागेही जातो. माझं सगळं सांगणं पोहणाऱ्या मुलांच्या खांद्याबद्दल आहे, त्या 'मागे'बद्दल.

खुब्याचा सांधा म्हणजे वाटीतला लाडू, हलता हलत नाही. खांदा म्हणजे लिंबू-चमचा. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा, खोबण उथळ, आणि ती खोबण पाठीवरच्या पात्याचाच भाग. शर्यतीत आपण लिंबू धरत नाही, चमच्याचा हात सावरतो. इथे चमचा म्हणजे ते पातं.

कळव्याची चौदा वर्षांची मुलगी माझ्याकडे आली, बटरफ्लायवाली. तलावाच्या काठावर रोज तिची जोडीदारीण तिचे दोन्ही हात मागून धरून ओढायची. 'खांदा मोकळा' व्हावा म्हणून! मुळात सैल असलेला सांधा, त्याची पुढची बाजू आणखी ताणायची? मी त्या प्रशिक्षकांना भेटले, हात जोडून सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, आम्हीही असंच करत आलो." मला अजून त्याचा राग येतो. पुढे खांदा दुखला, कुणीतरी तीन आठवडे पूर्ण आराम सांगितला, आणि परतल्यावर पहिल्याच दिवशी पाच किलोमीटर. तिची आई विचारत होती, "ताई, आराम केला तरी दुखतं कसं?"

हिशोब करा. 25 मीटरच्या तलावात पाच किलोमीटर म्हणजे 200 फेऱ्या. फ्रीस्टाइलमध्ये फेरीला 20 हात मारले असं धरलं तर 4000, म्हणजे एकेका खांद्याला 2000. आरामात दुखणं शमतं, पण स्नायूंची ताकद वाढत नाही, उलट थोडी उतरते. आणि तोच भार एकदम अंगावर येतो.

केनेडी आणि हॉकिन्स या अस्थिरोगतज्ज्ञांनी 1974 मध्ये पोहणाऱ्यांच्या या खांदेदुखीला 'स्विमर्स शोल्डर' म्हटलं. तेव्हा भर हाडाखाली स्नायुबंध घासण्यावर होता. आता भार, थकवा आणि सैलपणही पाहतात. त्यावर खूप बोलायचं होतं...

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. मग भराभर. पाणी सहसा पूर्ण तोडायचं नाही. पायांचा सराव चालू ठेवा, पण किकबोर्डवर, म्हणजे धरायच्या तरंगत्या फळीवर, हात वर ताणलेले राहतात, म्हणून हात अंगाशी ठेवून. पॅडल्स, म्हणजे तळव्यांना लावायच्या प्लास्टिकच्या चकत्या, बॅगेतच राहू द्या. कोपर बरगडीला लावून रबर बँडने हात बाहेर फिरवणं. भिंतीवर दंड काढताना शेवटी पाठ थोडी मागे ढकलणं, त्याने पात्याला बरगड्यांशी धरणारा स्नायू जागा होतो. पालथं झोपून पाती मागे-खाली ओढणं. पोट आणि कंबर विसरू नका, अंग नीट वळलं नाही की खांदा ती भरपाई करतो. छाती आखडली असेल तर ती हळू सैल करा, सांधा नाही. हात पाण्यात शिरताना डोक्यासमोरची मधली रेष ओलांडून दुसऱ्या बाजूला जातोय का, ते मोबाईलवर टिपून पाहा. परतताना आधी अंतर, मग वेग, पॅडल्स शेवटी.

खांदा निसटतोय, हात बधिर होतोय, रात्री झोपमोड होतेय, तर अस्थिरोगतज्ज्ञ. सगळेच सांधे सैल असलेल्या मुलाला मात्र शस्त्रक्रियेआधी काही महिने नेटाने व्यायाम द्या.

त्या मुलीचं ओढणं पहिल्या दिवशी बंद केलं, पॅडल्स चौथ्या महिन्यात दिले.

बँड आणलेत. भिंतीवरचा व्यायाम ज्यांना पाहायचाय, त्यांनी मुलांना घेऊन मागच्या दाराशी थांबा.