खेळताना बोलायचं कुणाशी?

(पुण्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. लहानपणी सुट्टीत आम्ही सदाशिव पेठेतल्या मामाच्या वाड्यात मेंढीकोट खेळायचो. भिडूला खुणा करायच्या नाहीत, असा नियम होता आणि तो रोज मोडला जायचा. खोकणं, पान जोरात आपटणं, ‘आज उकडतंय नाही?’ असं उगाच विचारणं, हे सगळं त्या खेळातच यायचं. पुढे घरात व्हिडिओ गेम आले, तेव्हाही दोघं भावंडं एका टीव्हीसमोर बसून ओरडायची. त्या आरडाओरड्यासाठी यंत्रात वेगळी काही सोय लागत नव्हती.

मग खेळ इंटरनेटवर गेला. गोळीबार, गाड्या, गुण हे सगळं तारेतून पलीकडे पोचलं. ओरडणं मात्र आपापल्या खोलीत अडकलं. गेम कन्सोलमध्ये, म्हणजे टीव्हीला जोडायच्या खेळाच्या यंत्रात, व्हॉइस चॅटची, म्हणजे खेळता खेळता बोलायची, सोय आणणं म्हणजे ही हरवलेली गोष्ट परत मिळवणं होतं. मी ध्वनीचं काम करते, त्यामुळे मला या गोष्टीचं फार अप्रूप आहे.

सेगा कंपनीच्या ड्रीमकास्ट या कन्सोलमध्ये मोडेम, म्हणजे फोनच्या तारेवरून इंटरनेटला जोडणारं उपकरण, आधीपासूनच बसवलेला होता. 2001 साली त्यावर ‘एलियन फ्रंट ऑनलाइन’ हा रणगाड्यांचा खेळ आला आणि त्यात मायक्रोफोनवरून समोरच्याशी बोलता येत होतं. आता हिशोब करू या. टेलिफोनच्या दर्जाचा आवाज घ्यायचा तर सेकंदाला 8,000 वेळा त्याचं माप, म्हणजे नमुना, घ्यायचा, प्रत्येक 16 बिटांचा. म्हणजे सेकंदाला 1,28,000 बिट. आणि 56 के म्हणून विकला जाणारा मोडेम वरच्या दिशेनं, म्हणजे घरातून बाहेर, जेमतेम 33,600 बिट पाठवायचा. त्यातच खेळाचीही माहिती जायची!

मग आवाज पिळायचा कसा? बोलण्यासाठीचे कोडेक, म्हणजे आवाज पिळून पाठवणारे आणि पलीकडे पुन्हा उलगडणारे प्रोग्राम, एक सुंदर युक्ती करतात. ते आवाजाची लाट जशीच्या तशी पाठवत नाहीत. घशातून हवा कशी निघाली, तोंडाच्या पोकळीनं तिला काय आकार दिला, याचे मोजके आकडे पाठवतात. आमटीचा डबा न पाठवता आमटीची कृती पाठवावी आणि पलीकडच्यानं ती आपल्या चुलीवर करावी, तसं. एवढ्यानं सेकंदाला काही हजार बिटांत माणूस ओळखू येतो.

पण खरी परीक्षा वेळेची असते. माणसं गप्पा मारतात तेव्हा एकाचं वाक्य संपणं आणि दुसऱ्याचं सुरू होणं यात साधारण 200 मिलिसेकंद जातात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस अशी, की एका बाजूचा विलंब 150 मिलिसेकंदांच्या आत असावा. त्यापुढे गेलं की दोघं एकदम बोलतात, एकदम थांबतात, ‘बोल, तू बोल’ सुरू होतं. म्हणून आवाजाचे साधारण 20 मिलिसेकंदांचे तुकडे करतात, आणि वाटेत एखादा हरवला तर तो परत मागवत नाहीत. हरवलेल्या तुकड्याची वाट बघत बसलं, तर मागचे सगळे शिळे होतात. शेजारच्या तुकड्यांवरून अंदाज बांधून भोक बुजवतात. 2012 साली खुलं प्रमाण म्हणून आलेला ओपस कोडेक हे काम इतकं छान करतो, की आपल्याला रफू दिसतच नाही.

तरीही 2002 सालचा मोठा निर्णय कोडेकचा नव्हता, खोक्यात काय घालायचं याचा होता. ऑगस्टमध्ये सोनीच्या प्लेस्टेशन 2 या कन्सोलसाठी ‘सोकॉम’ हा खेळ आला तो हेडसेटसकट. 15 नोव्हेंबरला एक्सबॉक्स लाइव्ह ही मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स कन्सोलवर ऑनलाइन खेळायची सेवा सुरू झाली. तिच्या 50 डॉलरच्या संचात वर्षाची वर्गणी होती आणि हेडसेटही होता. दहांतल्या दोघांकडेच माईक असेल तर ते दोघं बोलणार कुणाशी? सगळ्यांच्या हातात माईक देणं ही माझ्या मते या इतिहासातली सर्वांत शहाणी गोष्ट आहे.

आणि तिथेच अवघड प्रश्न सुरू झाला. मामाच्या वाड्यात भिडू माहितीचा होता. इथे कानात येणारा माणूस कोण?

2013 साली प्रसिद्ध झालेला एक अमेरिकन अभ्यास आहे. संशोधकांनी ‘हेलो 3’ हा गोळीबाराचा खेळ ऑनलाइन खेळताना आधीच ध्वनिमुद्रित केलेली साधी वाक्यं वाजवली. कधी पुरुषाच्या आवाजात, कधी बाईच्या. बाईच्या आवाजाला उद्देशून आलेली वाईट वक्तव्यं पुरुषाच्या आवाजाच्या तिप्पट होती.

मला हा आकडा कोथरूडमध्ये भेटला. माझी भाची एका सामन्यात भिडूला ‘मागे बघ!’ एवढंच ओरडली. पुढची दहा मिनिटं तिला जे ऐकावं लागलं, ते मी इथे सांगू शकत नाही. त्यातलं बरंचसं मराठीत होतं. तिनं माईक बंद केला आणि कित्येक महिने तशीच खेळली.

पहिल्या एक्सबॉक्स लाइव्हमध्ये आवाज बदलणारे मुखवटे होते, म्हणजे ही काळजी तेव्हाही कुणाला तरी होती. 2008 मध्ये एक्सबॉक्स 360 वर पार्टी चॅट आलं. आठ जणांची आपली खोली, मग कुणी कुठलाही खेळ खेळत असो. लोक तिकडे गेले आणि खुल्या लॉबीतली, म्हणजे अनोळखी खेळाडू सामन्याआधी जमतात त्या जागेतली, वर्दळ ओसरली. निन्टेन्डो ही कंपनी फार सावध राहिली. 2017 च्या त्यांच्या स्विच या कन्सोलवर बोलायचं तर फोनवरचं ॲप लागायचं, आणि त्याला लोक वैतागले. मीही वैतागले होते. 2025 च्या स्विच 2 मध्ये त्यांनी माईक आत बसवला, गप्पांसाठी ‘सी’ नावाचं बटण दिलं, आणि 16 वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची परवानगी लागेल असं ठरवलं. आता मला त्यांचं धोरण पटतं. प्लेस्टेशन 5 च्या कंट्रोलरवर माईक बंद करायचं खास बटण आहे. दाबलं की नारिंगी दिवा लागतो. मेनूत शोधावं लागत नाही, अंगठ्याखाली असतं. ज्यानं ते तिथे ठेवलं, त्याला मी मनापासून नमस्कार करते.

2023 पासून एक्सबॉक्सवर शिवीगाळीची 60 सेकंदांची ध्वनिफीत तक्रारीसोबत पाठवता येते. सुरुवात इंग्रजी बोलणाऱ्या देशांपासून झाली. पण ‘अरे गाढवा, गोळी झाड की!’ हे मित्रानं मित्राला प्रेमानं म्हटलेलं कुठलं, आणि त्याच सुरात एखाद्या मुलीला हाकलून लावणं कुठलं, हे मराठी कानालाच कळणार. ते कान या कंपन्यांनी नेमावेत, अशी माझी मागणी आहे. आपल्या मुली खेळतायत आणि त्यांचा छळ आपल्याच भाषेत होतोय.

भाची आता चार मैत्रिणींच्या पार्टीत बोलते. एक नाशिकला गेलीय, एक सिंहगड रोडवर राहते. परवा रात्री तिच्या घरी होते. खेळ कधीच संपला होता आणि हेडसेटवर उद्याच्या सबमिशनची चर्चा चालली होती. मी विचारलं, ‘खुल्या सामन्यात बोलतेस का गं आता?’

तिनं हेडसेट एका कानावरून सरकवला आणि म्हणाली, ‘नाही मावशी. तिथे माईक बंदच असतो.’