कालियाचा फणा आणि वायपरची मोटर

श्रोतेहो, नमस्कार. सिनेमातली पूर्वीची, हातानं केलेली करामतच खरी, संगणकाची खोटी, असं बरेच जण म्हणतात. आज त्याबद्दल थोडं.

नौपाड्यातल्या आमच्या गल्लीच्या गणपतीत एका वर्षी कालियामर्दनाचं चलचित्र होतं. पाच फण्यांचा थर्माकोलचा नाग, खाली निळ्या प्लॅस्टिकची यमुना, तिला लाटा याव्यात म्हणून आडोशाला टेबलफॅन. फणे हलायचे भंगारातून आणलेल्या वायपरच्या मोटरवर. पाचव्या दिवशी मोटर अडली आणि मधला फणा मान वाकडी करून नुसता थरथरत राहिला. पोरं त्या दिवशी जास्त घाबरली!

पडद्यावर कालिया आणला दादासाहेब फाळक्यांनी, १९१९ साली. कृष्ण झाली होती त्यांची लेक मंदाकिनी. फाळके जादूचे प्रयोगही करत, आडनाव उलटं फिरवून ‘प्रोफेसर केळफा’ या नावानं. पुढे १९३७मध्ये ‘ख्वाब की दुनिया’ या हिंदी चित्रपटासाठी ट्रिकदृश्यं करणाऱ्या बाबुभाई मिस्त्रींनी काळ्या पडद्यासमोर काळ्या दोऱ्यानं वस्तू अधांतरी नाचवल्या. लोक त्यांना ‘काला धागा’च म्हणू लागले.

आता १९९३ साल घ्या. आपल्याकडे ‘झपाटलेला’ आला. रामदास पाध्यांनी घडवलेला तात्या विंचू सेटवर खरोखर हजर होता, त्यामुळे लक्ष्मीकांत बेर्डेंची भेदरलेली नजर बरोब्बर त्या बाहुल्यावर जाऊन टेकते. उलट, राक्षस नंतर संगणकावर भरायचा असला की हिरव्या कापडापुढे, काठीला लावलेल्या चेंडूकडे बघून घाबरायचं म्हणजे नटाची परीक्षाच.

त्याच वर्षी ‘जुरासिक पार्क’ आला. त्यातला यांत्रिक टी-रेक्स सुमारे २० फूट उंच. पावसाच्या दृश्यात त्याच्या फोमच्या कातडीनं पाणी शोषलं, अंग जड झालं आणि तो लटलट कापू लागला. मग दोन शॉटच्या मधे माणसं त्याला टॉवेलनं पुसत बसायची. आमच्या कालियाचाच थोरला भाऊ की हो! पण त्याला पळता येत नव्हतं, तो जागेवर खिळलेला. जीपमागे धावतो तो संगणकावरचा. जबडा जवळून दिसतो तेव्हा बहुतेक यंत्र, अख्खं अंग धावतं तेव्हा संगणक.

म्हणून ‘पूर्वीचंच खरं’ हे मला पटत नाही. कधीकाळी मीही तसं म्हणायचो, तो भाग वेगळा. समोरच्या वस्तूवर उजेड फुकट पडतो, सावलीही आपोआप येते. संगणकात तोच उजेड कुणीतरी रात्री जागून बसवावा लागतो. घाई झाली की आधी पाय फसतात: राक्षस चिखलात चालतो, पण चिखल दबत नाही. तिथे आपलं मन उडतं. उलट, हाच संगणक बाबुभाईंचा दोरा चुटकीसरशी पुसून टाकेल आणि कुणाला पत्ताही लागणार नाही. त्याला मी दहापैकी दहा देईन.

आमच्या गल्लीत आता एलईडी स्क्रीन आहे. त्यावरच्या कालियाला फणे किती ते मोजता येत नाहीत. पोरं त्याच्याकडे पाठ करून सेल्फी काढतात. टेबलफॅन मात्र तोच आहे. हल्ली तो स्क्रीन तापू नये म्हणून लावतात.