शिरणं सोपं, सुटणं अवघड

(दृश्य: पुणे. सिग्नलला थांबलेल्या दुचाकी, झाकलेले चेहरे.)

ऑगस्ट २००९. पुण्यातल्या मुली दुचाकीवर तशाही चेहऱ्याला ओढणी गुंडाळतात. त्या महिन्यात त्यांचे वडीलही रुमाल बांधून फिरू लागले. स्वाइन फ्लूनं देशातला पहिला बळी याच शहरात घेतला होता. जो तो एकाच गोळीचं नाव घेत होता, टॅमिफ्लू. आणि डॉक्टर सांगत होते, घ्यायची तर पहिल्या दोन दिवसांत.

दोनच दिवस का? त्यासाठी जरा मागे जावं लागेल.

(दृश्य: अंडं फोडणारे हात. काचेची नळी.)

न्यूयॉर्क, १९४१. विषाणूंचे अभ्यासक जॉर्ज हर्स्ट कोंबडीच्या अंड्यांत फ्लूचा विषाणू वाढवत होते. द्रव काढताना गर्भाची एक रक्तवाहिनी फाटली आणि रक्त त्यात मिसळलं. दुसऱ्या कुणी नमुना वाया गेला म्हणून ओतून दिला असता. हर्स्ट बघत राहिले. तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून त्यांचे गोळे होत होते, दूध नासल्यासारखे. विषाणूच त्यांना धरून ठेवत होता.

खरी गंमत पुढे. ४ अंशांच्या गारव्यात विषाणू पेशींना धरून राही. ३७ अंशांच्या उबेत काही तासांत आपणहून सुटे. सुटलेला विषाणू ताज्या पेशींना पुन्हा चिकटे. पण ज्या पेशी एकदा सुटल्या, त्यांना नवा विषाणूही धरू शकत नसे. म्हणजे जाताजाता तो त्यांच्यावरचं काहीतरी कापून नेत होता.

(दृश्य: ॲनिमेशन. काटेरी गोळा, पेशीचा पृष्ठभाग.)

मिलिमीटरचा दहा हजारावा भाग, एवढासा हा विषाणू. अंगावर दोन प्रकारचे काटे: हिमॅग्लुटिनिन आणि न्यूरामिनिडेज. स्वाइन फ्लूच्या विषाणूला एच१एन१ म्हणतात, त्यातले एच आणि एन ते हेच.

आपल्या घशातल्या पेशींवर साखरेच्या साखळ्या असतात, त्यांच्या टोकाला सिआलिक आम्ल. एच त्याला पकडतो. दार फोडावं लागत नाही. पेशीच आपल्या पडद्याची पिशवी करून पाहुण्याला आत ओढते. मग सवयीप्रमाणे त्या पिशवीत आम्ल सोडते. विषाणू त्याचीच वाट बघत असतो. आम्ल लागताच एच बटणाच्या छत्रीसारखा खटकन उलगडतो, त्याचं टोक पिशवीच्या पडद्यात घुसतं, दोन पडदे एक होतात. आतले आरएनएचे ८ तुकडे, म्हणजे विषाणूचा आराखडा, पेशीच्या केंद्रकाकडे निघतात.

हा खटका आधी ताणून ठेवावा लागतो, म्हणजे एचला एके ठिकाणी छेद द्यावा लागतो. तो छेद कोण देतं? आपलीच विकरं, म्हणजे एन्झाइम्स. इतका आयता पाहुणा दुसरा नसेल.

(दृश्य: पेशीच्या कडेवर उठणारे फुगवटे.)

काही तासांत नवे विषाणू तयार. पेशीचा पडदा आतून फुगतो, देठ आवळला जातो, आणि विषाणू पेशीचंच कातडं पांघरून बाहेर येतो. हे आवरण मेदाचं, म्हणूनच साबणानं विरघळतं.

पण बाहेर आला तरी तो मोकळा नाही. भोवताली तेच सिआलिक आम्ल, आणि अंगावर त्याला पकडणारे एच. ज्या हातानं दार धरलं, तोच आता सुटत नाही. इथे एन कामाला येतो: ती टोकं कात्रीसारखा छाटत सुटतो. हर्स्टना उबेत दिसलं ते हेच.

१९८३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी या कात्रीची रचना उलगडली. तिच्या खाचेत नेमका बसेल असा रेणू शोधणं मग शक्य झालं. टॅमिफ्लूतलं ओसेल्टामिविर त्याच खाचेत जाऊन बसतं. जे विषाणू आधीच पेशीत शिरले, त्यांचं ते काही करत नाही. पुढच्या पेशीकडे निघालेल्यांना अडवतं. दोन दिवसांनी अडवायला उरतातच कितीसे?

(दृश्य: इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातलं करडं चित्र.)

कात्री बंद पडलेली ही पेशी. कडेला घोळका दिसतो ना? सगळे तयार विषाणू आहेत, पेशीला आणि एकमेकांना चिकटून बसलेले.