न बोललेले तिसरे वाक्य

मित्रहो,

दुसऱ्याला पटवून देण्यासाठी केलेल्या अनुमानाची पाच अंगे न्यायशास्त्राने, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्राने, सांगितली आहेत : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. पर्वतावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा. कारण तेथे धूर दिसतो, हा हेतू. जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी, जसा स्वयंपाकघरात, हे उदाहरण. उरलेली दोन अंगे हा संबंध पर्वताला लावून निष्कर्षापाशी परत येतात. आज मला बोलायचे आहे ते तिसऱ्या अंगाविषयी. घरात, कचेरीत, एस.टी.च्या प्रवासात आपण जे वाद घालतो त्यांत पहिली दोन वाक्ये असतात आणि तिसरे जवळजवळ कधीच उच्चारले जात नाही. ते अध्याहृत राहते. ऐकणारा ते नकळत मनात भरून घेतो, आणि आपण काहीतरी मान्य करून बसलो आहोत याचे भानही त्याला राहत नाही.

‘त्याने दोनदा फोन उचलला नाही, म्हणजे तो माझ्यावर रागावला आहे,’ हे विधान घ्या. यातले गाळलेले वाक्य लिहायला सांगितले तर बहुतेक जण लिहितील, ‘माणूस रागावला की फोन उचलत नाही.’ ते खरे असेलही, पण येथे ते कामाचे नाही. येथे लागते ते उलट बाजूचे विधान : ‘जो फोन उचलत नाही तो रागावलेलाच असतो.’ हा फरक नैयायिकांनी, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांनी, तापलेल्या लोखंडी गोळ्यावरून दाखवला आहे. गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. म्हणून ‘जेथे धूर तेथे अग्नी’ हे मान्य केले तरी ‘जेथे अग्नी तेथे धूर’ हे मान्य करता येत नाही. धूर निघायला सरपण ओले असावे लागते, आणि संबंधात लपून बसलेल्या अशा अटीला ते उपाधी म्हणतात. गृहीतक शोधणे म्हणजे पुष्कळदा हे ओले सरपण शोधणे होय.

कार्यावरून कारणाकडे जाणाऱ्या अनुमानाला शेषवत् म्हणतात, आणि त्याचे जुने उदाहरण नदीचे आहे : नदी फुगलेली दिसते, तेव्हा वरच्या बाजूला पाऊस झाला असला पाहिजे. न्यायसूत्रांचे, म्हणजे या शास्त्राच्या मूळ ग्रंथाचे, मोठेपण मला यात वाटते की या उदाहरणावरचा आक्षेप त्यांनी स्वतःच नोंदवला. पाणी कोठे अडल्यामुळेही नदी फुगू शकते, मग हे अनुमान प्रमाण कसे मानायचे? भाष्यकार वात्स्यायन उत्तर देतात की नुसती फुगलेली नदी हा हेतूच नव्हे. प्रवाहाचा वेग, फेस, वाहून येणारी फळे, पाने आणि लाकडे, हे सारे पाहून केलेले अनुमान वेगळे. म्हणजे आक्षेपामुळे अनुमान सोडून दिले नाही, हेतू अधिक नेमका केला. दैनंदिन वादात आपण नेमके हेच करत नाही. आक्षेप आला की आवाज चढवतो.

तरीही या उत्तरात एक गृहीतक उरतेच. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्यात मुठेला पूर आला, तेव्हा वेग होता आणि वाहून आलेले सामानही होते. पण तो लोंढा त्या घटकेच्या पावसाचा नव्हता, साठवलेल्या पाण्याचा होता. आजही पुण्यातला मुठेवरचा भिडे पूल पाण्याखाली गेला की त्यावरून शहरातल्या पावसापेक्षा खडकवासला धरणातून सोडलेल्या विसर्गाविषयीच अधिक कळते. नदीवर वर काहीही बांधलेले नाही, ही गोष्ट प्राचीन भाष्यकाराला सांगावीशी वाटली नाही, बहुधा तिच्याविषयी त्याला शंकाच आली नसावी.

तिसरा एक प्रकार अर्थापत्तीचा, म्हणजे एरवी न जुळणाऱ्या गोष्टींचा मेळ घालण्यासाठी केलेल्या कल्पनेचा. धष्टपुष्ट देवदत्त दिवसा जेवत नाही, तर तो रात्री जेवत असला पाहिजे. मीमांसक, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणारे शास्त्रकार, याला स्वतंत्र प्रमाण (ज्ञानाचे साधन) मानतात, नैयायिक अनुमानातच धरतात. तो वाद येथे नको. दिवस आणि रात्र यांपलीकडे तिसरी वेळ नाही, म्हणून हा तर्क टिकतो. ‘पगार एवढासा आणि बंगला एवढा मोठा, म्हणजे खातच असणार,’ यालाही रूप देवदत्ताचेच आहे, पण येथे वडिलार्जित जमीन विकलेली असू शकते, पत्नीचे उत्पन्न असू शकते, कर्ज असू शकते. इतर वाटा तपासून बंद केल्याशिवाय उरलेली वाट खरी ठरत नाही.

या सर्व उदाहरणांत गृहीतक वस्तुस्थितीविषयी होते; चौकशी केली तर त्याचा निकाल लागू शकतो. पण काही वादांत लपलेले असते ते मूल्य. ‘मुलगी शेवटी सासरी जाणार, मग तिच्या शिक्षणावर एवढा खर्च कशाला?’ हा प्रश्न मी सुशिक्षित घरांतही ऐकला आहे. ती सासरी जाणार नाही, असे सांगून काही साधत नाही, कारण हेतू कदाचित खराच असेल. गाळलेले वाक्य असे आहे : ‘ज्या शिक्षणाचा लाभ खर्च करणाऱ्या घराला परत मिळत नाही, ते देण्याजोगे नाही.’ परदेशी नोकरीला जाणाऱ्या मुलाच्या फीच्या वेळी हे वाक्य कोणी वापरत नाही. म्हणून अशा वेळी हेतूवर वाद न घालता ते वाक्य मी स्वतः मोठ्याने म्हणतो आणि विचारतो, तुम्हाला हेच म्हणायचे आहे ना? ‘होय’ असे उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही.