काम उरतं, उरू द्या

श्रोतेहो, नमस्कार. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. आपल्या खान्देशात या सणाला औत सुटतं, सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, जुनं साल संपून नवं ठरतं, माहेरवाशिणी झोक्यावर बसतात. त्या दिवशी शेतात काम नसतं असं नाही. काम असतंच, तरी कोणी औत जुंपत नाही. आणि इकडे आपण? घटकाभर रिकामं बसलो तरी चोरी केल्यासारखं वाटतं.

अमळनेरकडच्या आमच्या मामींची गोष्ट ऐका. त्यांचा नातू पुण्याला कंपनीत. आखाजीला आला तो मोबाइलमध्ये दिवसभराची यादी घेऊनच. चालणं, व्यायाम, पुस्तकाची पानं. झालं की खूण. मामी अंगणात खापरावरच्या, म्हणजे चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या भांड्यावरच्या, पुरणपोळ्या करत होत्या. हा घड्याळ लावून समोर बसला. म्हणाला, "मोठी माय, पोळी भाजेपर्यंत तुझे हात रिकामेच! दुसरं खापर मांडू. निम्म्या वेळात उरकेल."

मामी काही बोलल्या नाहीत. शेजारणीचं खापर आणवलं, दुसरी चूल पेटवली. आता ही पोळी काही पोळपाटावर पुरी होत नाही, हातावर फिरवत कोपरापर्यंत वाढवावी लागते, हे तुम्हाला सांगायला नको. तर मामींच्या हातावर एक पोळी, पहिल्या खापरावरची करपतेय, दुसरं खापर नुसतंच तापतंय, आणि नातू उलथनं घेऊन या चुलीवरून त्या चुलीवर! त्याचा धक्का लागला, हातावरची पोळी फाटली, पुरण राखेत. मामी म्हणाल्या, "भाऊ, चुली कितीबी मांड, हात दोनच शेतस."

दुसरी चूल विझवली. पोरगं पोटभर जेवलं आणि ओसरीवर दिवेलागणीपर्यंत घोरलं. रस हातानं पिळलेला होता, हे सांगायलाच हवं. आमरसात दूध घालणाऱ्यांशी माझं कधी जमलं नाही. आंबट निघाला तर गूळ घाला ना!

असो. काम उरतं, उरू द्या. रावेर-यावलची केळी बघा. लावल्यापासून घड कापेपर्यंत वर्ष जातं. पाणी द्या, खत द्या. घड तिच्या वेळेलाच निसवतो. मे महिन्यात पारा 44-45 वर गेला की भर दुपारी निंबाखाली आडव्या झालेल्या शेतकऱ्याला कोणी आळशी म्हणत नाही. घरच्या सुनेनं पाठ टेकली की मात्र म्हणतात. त्यावर एकदा सविस्तर बोलायचंय मला.

पुन्हा सांगतो, काम उरतं, उरू द्या. लिहून आणलेले आणखी तीन मुद्दे खापराच्या गोष्टीनं खाल्ले. तेही राहू द्या. नमस्कार.