आधी बटण दाबू नका

नमस्कार मंडळी. मागे आवाज येतोय ना? हां. तर मला सांगितलंय की भंगारात निघालेले जुने डेस्कटॉप कमी पैशात कसे उभे करायचे यावर बोल, आणि माझी खोड अशी की मी कपॅसिटरवर, म्हणजे बोर्डावरच्या त्या वीज साठवणाऱ्या छोट्या डब्यांवर, सुरू झालो की थांबतच नाही, म्हणून आज एकच मशीन घेऊन बोलतो, आमच्या सोसायटीतल्या काकूंचं.

काकूंचं घरातच डीटीपीचं काम होतं. लग्नपत्रिका, क्लासच्या प्रश्नपत्रिका, आणि घराण्यांचे कुलवृत्तांत, ते तर भरपूर. मशीन पेंटियम टू, ३५० मेगाहर्ट्झ, ६४ एमबी रॅम, विंडोज ९८, आणि मागे प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला श्रीलिपी या मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरचं लॉक, म्हणजे जे खोचल्याशिवाय ते चालत नाही ते, अजून तसंच खोचलेलं. पंधरा वर्षं माळ्यावर पडून. भंगारवाल्याने मॉनिटरसकट अडीचशे सांगितले होते आणि काकू देणारच होत्या, तेवढ्यात त्यांच्या माहेरच्या कुलवृत्तांताची दुसरी आवृत्ती काढायचं ठरलं, आणि पहिल्या आवृत्तीची फाइल फक्त त्या डब्यात. छापलेलं पुस्तक आहे हो, पण चारशे पानं परत टाइप कोण करणार? आणि नुसती फाइल काढून नव्या लॅपटॉपवर टाकली तरी भागत नाही, कारण तेव्हाचे मराठी फाँट युनिकोडचे नव्हते, इंग्रजी अक्षरांच्या जागांवर काने-मात्रे-जोडाक्षरं बसवलेली असायची, तो फाँट नसला की सगळ्या घराण्याची गिचमिड दिसते. कन्व्हर्टर आहेत, पण पान जसं लावलं होतं तसं बघायचं तर तेच मशीन, पानं लावायचा तोच पेजमेकर, तेच लॉक.

काकूंच्या भाच्याने डबा खाली काढला, फडकं मारलं आणि म्हणाला, चालू करून बघू ना आधी. मी म्हटलं हात लावू नकोस. हे मी तुम्हालाही सांगतो, दहा-पंधरा वर्षं पडून असलेल्या मशीनचं बटण आधी दाबू नका, कारण जी मशीनं मी मेलेली बघितलीत त्यातली निम्मी माळ्यावर मेली नव्हती, खाली काढल्यावर पहिल्या पाच मिनिटांत मारली गेली. एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा, त्याच्या मागे एक छोटा लाल स्विच असतो, ११५ आणि २३०. फडकं मारताना तो सरकतो. ११५ वर असताना आपली २३० ची लाइन दिली की आतून फाटकन आवाज येतो आणि खोलीभर वास सुटतो, हे मी ऐकीव सांगत नाहीये, माझ्या हातून झालंय.

कॅबिनेट उघडलं तर आत काय, झुरळांची अंडी, पालीची लेंडी, आणि प्रोसेसरच्या पंख्यावर धुळीची अक्षरशः गोधडी. गॅलरीत नेऊन ब्लोअर मारला. मारताना पंखा बोटाने धरून ठेवायचा, नाहीतर तो भन्नाट फिरतो आणि बेअरिंग जातं. एसएमपीएसचा पंखा अडकत होता, त्याचा स्टिकर उचलून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला, नवा पंखा घ्यायची गरज पडली नाही.

मग एसएमपीएस बाहेर काढून सिरीज बल्बवर लावला. जुन्या इलेक्ट्रिशियन लोकांना माहितीये हे, शंभर वॉटचा साधा पिवळा बल्ब लाइनमध्ये सिरीजला जोडायचा, आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटून राहतो आणि सगळा झटका तोच खातो, ठीक असेल तर एकदा लकाकतो आणि विझतो. आमचा विझला. मग डायरेक्ट लाइनवर घेतला, हिरवी वायर काळीला टोचली, लोड म्हणून एक जुना सीडी ड्राइव्ह लावला आणि मल्टिमीटर धरला. लाल वायरवर पाच व्होल्ट बरोबर, पिवळीवर बारा पाहिजेत तिथे ११.१. पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ११.४ च्या खाली गेलं की नको. उघडल्यावर आउटपुटच्या बाजूचे दोन कपॅसिटर सुकलेले निघाले, दहा-दहा रुपयांचे दोन टाकले, ११.९ आले. पण एक सांगतो, एसएमपीएसच्या आत मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास बसलेले असतात आणि पिन काढल्यावरही काही वेळ राहतात, ज्याला ते काम येत नाही त्याने उघडू नये, सरळ दुसरा घ्यावा. दुसरा घेतानाही नुसते वॉट बघू नका. आजचे सप्लाय सगळा जोर बारा व्होल्टवर देतात, आणि जुनी मदरबोर्डं, उदाहरणार्थ अ‍ॅथलॉन एक्सपीची बरीचशी, प्रोसेसरला पाच व्होल्टमधून पाजतात. लेबलवर पाच व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत ते वाचा.

आता थोडं कपॅसिटरवर येतोच, माफ करा. काकूंचं बोर्ड ९९ च्या आधीचं, त्यामुळे सुटलं. साधारण २००० ते २००६-०७ च्या मधली जी बोर्डं आहेत, पेंटियम फोरची वगैरे, त्यात खराब इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर इतके गेले की जगभर बोंब झाली होती. आत गॅस होतो आणि डोक्यावरची फुली उमलते, टमटमीत पुरीसारखी फुगते, कधी वर तपकिरी खपली दिसते. असं बोर्ड जुन्या बाजारात फुकटात मिळतं आणि दोनशे रुपयांत बरं होतं. लो ईएसआर, म्हणजे आतला विरोध कमी असलेले, १०५ डिग्रीचेच घ्या. आणि काढायच्या आधी मोबाइलने फोटो काढा, कारण बोर्डावर मायनसची खूण सगळे एकसारखी छापत नाहीत. पंचवीस वॉटच्या सोल्डरिंग गनने प्रयत्न करू नका, बोर्डात आत तांब्याचे थर असतात, ते सगळी उष्णता पिऊन टाकतात, सोल्डर वितळतच नाही, मग आपण चिडून ओढतो आणि भोकाची आतली नळीच बाहेर येते. साठ वॉट, जाड टोक, आणि आधी थोडं नवीन सोल्डर लावून मग काढायचं.

त्याच्याही आधीचं मशीन मिळालं, ३८६-४८६, तर पहिलं कीबोर्डच्या सॉकेटजवळ बघा, तिथे निळी किंवा हिरवी लांबुळकी बॅटरी असते ती फुटून बोर्ड खाते. हिरवट बुरशीसारखं दिसलं की आधी बॅटरी कापून टाका, मग व्हिनेगर, मग आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग वाळवणं, या क्रमाने.

तर परत काकूंकडे. बोर्डावरचा घड्याळाचा सेल नवीन टाकला, सीआर २०३२, पस्तीस रुपये. बटण दाबलं. लांब बीप, लांब बीप, लांब बीप. भाचा म्हणाला, गेलं. मी खिशातून खोडरबर काढला. लॅमिंग्टन रोड असो की आपलं पुणं, हार्डवेअरवाल्याचं पहिलं औषध हेच, रॅम काढा, सोनेरी दातांवर खोडरबर घासा, आयपीएने पुसा, परत बसवा. दुसऱ्या खेपेला डिस्प्ले आला, तारीख १९९८ दाखवत होतं, काकू म्हणाल्या, बरं होतं ते वर्ष.

यावेळी हार्डडिस्क मी मुद्दाम जोडलेली नव्हती. जुनी डिस्क चालू झाली तर तो तिचा शेवटचा फेरा आहे असं धरायचं आणि त्या फेऱ्यात फक्त कॉपी काढायची. विंडोज सुरू करायचं नाही, डिस्क तपासणारं स्कॅनडिस्क तर अजिबात नाही. ४.३ जीबीची डिस्क, यूएसबी कन्व्हर्टरवर माझ्या लिनक्स लॅपटॉपला लावली आणि डीडीरेस्क्यू सोडलं, ते फुकट आहे, आणि खराब जागा आली की तिथेच डोकं आपटत बसत नाही, पुढे जातं, चांगलं सगळं उचलून मग मागे येतं. रात्रभर चाललं. सकाळी फक्त काही किलोबाइट राहिले होते. ती इमेज ८ जीबीच्या कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डावर उतरवली. हे कार्ड मुळात आयडीईचीच, म्हणजे त्या जुन्या हार्डडिस्कचीच, भाषा बोलतं, त्यामुळे कन्व्हर्टर म्हणजे नुसत्या पिना इकडच्या तिकडे, तीनशेच्या आत येतो. कार्ड एका फोटोग्राफर मित्राने दिलं, त्याला आता त्याचं काही काम नाही. डिस्कची घरघर गेली, उष्णता गेली, आणि विंडोज ९८ असं उघडलं की ते मशीन नवीन असतानाही उघडलं नसेल. अपग्रेडवर पैसे टाकायचे तर इथे टाका असं माझं मत आहे.

रॅमवर मात्र मी फसलो. जुन्या बाजारात रविवारी २५६ एमबीची पट्टी शंभरला मिळाली, लावली तर १२८ दाखवते. पट्टीवर आठच चिप होत्या. काकूंच्या बोर्डावरच्या ४४०बीएक्स चिपसेटला एवढी भरगच्च चिप वाचताच येत नाही, त्याला तीच २५६ दोन्ही बाजूंनी मिळून सोळा चिपवर पसरलेली लागते. चिप मोजून घ्यायला पाहिजे होत्या, मला माहीत होतं, पण स्वस्त दिसलं की अक्कल जाते. १२८ वरच ठेवलं, पेजमेकरला ते मुबलक आहे. तसंही विंडोज ९८ ला ५१२ च्या वर रॅम दिली की ते गोंधळतं आणि मेमरी कमी आहे म्हणून रडतं. प्रोसेसर बदलणार होतो, पेंटियम थ्री ५०० माझ्याकडे पडलेला होता, पण म्हटलं कशाला, काकूंना गेम थोडीच खेळायचेत.

कोणीतरी मगाशी पिवळ्या पडलेल्या कॅबिनेटचं विचारलं. ब्यूटी पार्लरचं डेव्हलपर क्रीम मिळतं, ४० व्हॉल्यूम, म्हणजे १२ टक्के पेरॉक्साइड. हातमोजे घालून प्लास्टिकला लावायचं, वरून क्लिंग फिल्म, आणि मे महिन्याच्या उन्हात. तासातासाने फिरवायचं, नाहीतर पट्टे उठतात. काकूंचं मी केलं नाही, त्या म्हणाल्या पिवळं असू दे.

खर्च सगळा मिळून सहाशेच्या आत, त्यात ती फसलेली पट्टीही आली.

काकूंना बोलावलं. लॉक मागे होतंच. पेजमेकर उघडला, फाइल उघडली, पानं जशीच्या तशी, वंशावळीच्या रेघासुद्धा. मला वाटलं आता त्यांचे डोळे वगैरे भरून येतील. त्यांनी चष्मा लावला, माउस हातात घेतला, सरळ पान ११७ वर गेल्या आणि म्हणाल्या, हे बघ, सुनीताची नी ऱ्हस्व पडलीये, या एका वेलांटीवरून तिने पाच वर्षं माझ्याशी बोलणं टाकलं होतं. थांब जरा, आधी हे दुरुस्त करू दे, मग तुला काय कॉपी करायचं ते कर.