डिलिव्हरीची पोस्त

[दृश्य: पुणे, कोथरूड. जुलैतली रात्र. पाऊस. जुन्या सोसायटीचं गेट, दुचाकीवर रेक्झिनची चौकोनी बॅग.]

रात्रीचे साडेनऊ. डहाणूकर कॉलनीत एक मुलगा गाडी स्टँडवर लावतो. अंगात रेनकोट आहे, पण गुडघ्याखाली पँट चिंब. मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलाय, पिशवीच्या तोंडाला रबर. पिशवीवरूनच अंगठ्याने स्क्रीन पुसतो, बिल्डिंगचं नाव पुन्हा एकदा वाचतो आणि फोन लावतो.

‘‘काकू, डिलिव्हरी आहे. कुठली विंग?’’

बी विंग. तिसरा मजला. लिफ्ट नाही.

दारात पोचल्यावर तो आधी बॅगेतून पार्सल काढतो, त्यावर पडलेलं पाणी स्वतःच्या बाहीने टिपतो आणि मग बेल दाबतो. दार उघडतं. पार्सल आत जातं. ‘‘थँक्यू रे’’ ऐकू येतं. दार लागतं. आम्ही मोजलं, ११ सेकंद.

दार लावताना काकूंच्या मनात काय आलं असेल ते मी सांगू शकते, कारण माझ्याही मनात कैक वेळा तेच आलंय. याला वर काही द्यायला हवं होतं का? आणि द्यायचं तर किती?

[दृश्य: सदाशिव पेठ, दुपार. अभ्यासिकेतल्या टेबलांच्या रांगा. पुढे संध्याकाळ, तोच मुलगा गाडी पुसतोय.]

हा मुलगा परभणी जिल्ह्यातला. पुण्याला आला एमपीएससीच्या अभ्यासासाठी. सकाळी आठ ते पाच अभ्यासिका, सहा वाजता लॉगिन, रात्री साडेबारा-एकपर्यंत ऑर्डरी. घरून पैसे मागवायचे नाहीत असं त्याने ठरवलंय. त्याचं नाव आम्ही सांगत नाही, त्याचा चेहराही दाखवत नाही. त्याने तशी विनंती केली, आणि ती योग्यच आहे.

त्याची भाषा दोन दिवस ऐकली की आपल्यालाही येऊ लागते. ऑर्डर ‘पडते’. हॉटेलात जाऊन घेतली की ‘पिकअप’, घरी पोचवली की ‘ड्रॉप’. हॉटेलवाल्याने ताटकळत ठेवलं तर ‘वेटिंग’. ठरावीक ऑर्डरी पूर्ण झाल्या तर ‘इन्सेंटिव्ह’, आणि एक ऑर्डर कमी पडली तर इन्सेंटिव्ह गेला.

कोथरूडच्या या ऑर्डरीचा हिशेब त्याने जिन्यात उभं राहून सांगितला. हॉटेलपर्यंत जायला दोन किलोमीटर. तिथे १८ मिनिटं वेटिंग. हॉटेलपासून काकूंच्या घरापर्यंत पाच किलोमीटर. या सगळ्याचे ॲपवर दिसले ४५ रुपये. त्याची गाडी लिटरला पंचेचाळीसच्या आसपास चालते, पेट्रोल शंभराच्या वर. म्हणजे सात किलोमीटरला सोळा रुपये पेट्रोलचेच गेले. पुन्हा हॉटेलांच्या पट्ट्यात रिकामं जायचं ते वेगळं. टायर, ऑइल, ब्रेक शू, मोबाइलचा डेटा, रेनकोट, सगळं त्याचंच.

आत काकूंच्या टेबलावर जे उघडलं त्याचं बिल ६४० रुपये होतं. याच्या बोलण्यात तो आकडा एकदाही आला नाही. त्याला तो माहीतही नसतो बऱ्याचदा. त्याची मेहनत किलोमीटरमध्ये, मिनिटांत आणि जिन्याच्या पायऱ्यांत मोजली जाते.

म्हणून ‘बिलाच्या किती टक्के’ हा प्रश्न आपल्याकडे मुळातच चुकतो. अमेरिकेहून सुट्टीवर आलेले नातेवाईक हमखास विचारतात, ‘‘इथे किती टक्के देतात गं? आमच्याकडे पंधरा-वीस.’’ तो आकडा तिथल्या हॉटेलात टेबलाशी वाढणाऱ्या वेटरचा. घराजवळच्या हॉटेलातून आलेली बाराशे रुपयांची बिर्याणी आणि सात किलोमीटरवरून पावसात आलेले दीडशे रुपयांचे पोहे-साबुदाणा वडा, यांत टक्क्याने मोजलं तर पोह्यांच्या वाट्याला काहीच येत नाही. खरं तर जास्त कष्ट पोह्यांचे होते.

[दृश्य: जुना फोटो अल्बम. अंगणातली रांगोळी, फराळाचं ताट. नंतर चर्चगेट स्टेशनबाहेर डब्यांच्या लाकडी पाट्या.]

आपल्या भाषेत ‘टीप’ यायच्या आधीपासून एक शब्द आहे. पोस्त. दिवाळीची पोस्त.

आमच्या घरी वसुबारसेच्या दिवशी आई कपाटातून कोऱ्या नोटा काढायची. पोस्टमन, दूधवाला, पेपर टाकणारा मुलगा, इस्त्रीवाला, कचरा नेणाऱ्या मावशी. प्रत्येकाचं पाकीट वेगळं, सोबत चिवडा-लाडवाची पुडी. आईचा नियम होता, पोस्त हातात द्यायची. कट्ट्यावर ठेवून ‘घे तिथून’ म्हणायचं नाही. आणि देताना घरच्यांची चौकशी करायची. पोस्टमनच्या मुलीला दहावीला किती टक्के पडले ते आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं.

मुंबईच्या डबेवाल्यांकडेही हीच रीत आहे. १८९० पासून चालत आलेलं हे काम, बहुतेक माणसं मावळ, खेड, जुन्नर या पट्ट्यातली. वर्षभर ठरलेले महिन्याचे पैसे, आणि दिवाळीला गिऱ्हाइकाकडून एका महिन्याचे जादा. कुणी रोज डबा हातात घेऊन खिसा चाचपत नाही. गरजही नसते, कारण उद्याही तोच माणूस येणार असतो. परवाही. वर्षभराचं देणं दिवाळीपर्यंत थांबू शकतं, कारण माणूस कुठे जात नाही.

डिलिव्हरीत नेमकं हेच तुटलं. आज आलेला मुलगा उद्या येत नाही. ॲप जवळच्या रायडरला ऑर्डर देतं, मग तो कुणीही असो. माझ्या फोनमध्ये मी मागच्या वर्षभराच्या ऑर्डरी उघडून बघितल्या. एक नाव दोनदा दिसलं असेल नसेल. आता दिवाळीला पोस्त द्यायची कुणाला? त्या दिवशी जो योगायोगाने दारात उभा असेल त्याला?

मला वाटतं, आपण टीप देत नाही याचं कारण कंजूषपणा नाही. आपली देण्याची रीतच ओळखीवर उभी होती आणि इथे ओळख होईपर्यंत दार लागलेलं असतं.

[दृश्य: किराणा दुकानाच्या काउंटरवरचा क्यूआर कोड. एका हातात शंभराच्या तीन नोटा.]

आणखी एक गोष्ट झाली, ती कुणाच्या लक्षातही आली नाही. पूर्वी ऑर्डर आली की रोख द्यायचो. बिल २८७. आपण तीनशे काढायचो, तो खिशात सुट्टे शोधायला लागायचा, आणि आपण म्हणायचो, ‘‘राहू दे.’’ तेरा रुपये. त्याला टीप असं कुणी म्हणायचं नाही, त्यामुळे द्यायला संकोच नव्हता, घ्यायलाही नव्हता.

२०१६ मध्ये यूपीआय आलं. आता २८७ म्हणजे बरोबर २८७ जातात, तेही ऑर्डर करतानाच. सोय मोठी झाली, यात शंका नाही. पण ‘राहू दे’ म्हणायची जागा गेली. आता वीस रुपये द्यायचे तर मुद्दाम ठरवावं लागतं, एक चौकोन दाबावा लागतो. आणि जे मुद्दाम करावं लागतं ते माणूस उद्यावर टाकतो.

किती टाकतो? झोमॅटोचे संस्थापक दीपिंदर गोयल यांनी जानेवारी २०२६ च्या सुरुवातीला काही आकडे जाहीर केले. ३१ डिसेंबरला डिलिव्हरी कामगारांच्या संघटनांनी देशभर संप पुकारला होता, त्याच्या पाठोपाठ. त्यांच्या म्हणण्यानुसार २०२५ मध्ये रायडरची सरासरी कमाई तासाला १०२ रुपये होती, टीप सोडून. पेट्रोल-देखभालीचा खर्च त्यातूनच. आणि टीप? साधारण ५ टक्के ऑर्डरींवर. तासाला सरासरी २ रुपये ६० पैसे.

हे कंपनीचेच आकडे आहेत. वीस दारांपैकी एक.

मी परभणीच्या मुलाला हे सांगितलं. त्याला आश्चर्य वाटलं नाही. तो म्हणाला, ‘‘ताई, पाऊस असला तर जरा जास्त भेटते. लोकांना दिसतंय ना भिजलेलं.’’

[दृश्य: न्यू यॉर्क. थंडीत ई-बाइकवरून जाणारे रायडर.]

पण टीप वाढली की प्रश्न मिटला, असंही नाही. अमेरिकेत टीप भरपूर असते, आणि तिथेच तिचं काय होऊ शकतं ते दिसलं. डोअरडॅश ही तिथली मोठी डिलिव्हरी कंपनी. मे २०१७ ते सप्टेंबर २०१९ या काळात तिची पद्धत अशी होती, की रायडरला एका ऑर्डरीचे ठरावीक पैसे मिळतील अशी हमी द्यायची आणि गिऱ्हाइकाची टीप त्याच हमीत धरायची. म्हणजे तुम्ही पाच डॉलर जास्त दिलेत तर बहुतेक वेळा कंपनीला तेवढे कमी द्यावे लागायचे. देणाऱ्याला वाटायचं आपण त्या पोराला दिले. न्यू यॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलनी केलेल्या चौकशीनंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीने १ कोटी ६७ लाख ५० हजार डॉलर द्यायचं कबूल केलं.

न्यू यॉर्क शहराने मधल्या काळात वेगळी वाट धरली. डिसेंबर २०२३ पासून ॲपवरच्या रायडरांना तासाला किमान मजुरी मिळू लागली, सुरुवातीला १७ डॉलर ९६ सेंट, टीप वगळून. आधी मजुरी, मग टीप. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

आपल्याकडे महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. १९६९ चा माथाडी कायदा इथलाच. हमालाचा मालक रोज बदलतो, मग त्याची जबाबदारी कुणाची, या प्रश्नावर काढलेलं ते उत्तर होतं. कामगाराची नोंद माथाडी मंडळाकडे, काम करून घेणाऱ्याकडून मजुरीवर लेव्ही, म्हणजे ठरावीक जादा रक्कम, आणि त्यातून भविष्य निर्वाह निधी, औषधपाणी. रोज वेगळ्या दारात उभा राहणारा डिलिव्हरीचा मुलगा याहून काय वेगळा आहे?

केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता २०२० सालची, लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ ला. तिने ॲपवर काम करणाऱ्यांना कायद्यात पहिल्यांदा नाव दिलं. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम त्यांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यायची, मात्र कामगारांना दिल्या जाणाऱ्या रकमेच्या ५ टक्क्यांपर्यंतच, अशी तरतूद आहे. अपघात झाला, पाय प्लॅस्टरमध्ये गेला, तर दोन महिने घर कशावर चालणार, हा प्रश्न या पैशांनी सुटायला हवा. तो माझ्या वीस रुपयांनी सुटणार नाही, आणि त्याचा भार माझ्या वीस रुपयांवर कुणी टाकूही नये.

[दृश्य: स्वयंपाकघर. फ्रिजवर स्टीलचा छोटा डबा, त्यात दहा-वीसच्या नोटा.]

तरीही वीस रुपये द्यायचे. मी माझ्यापुरतं काय ठरवलंय ते सांगते.

दर ऑर्डरीला वीस. बिल दीडशे असो की दीड हजार. पाऊस असेल, रात्री अकरानंतर मागवलं असेल, किंवा लिफ्ट बंद असेल तर पन्नास. घरी कार्यक्रम आहे आणि दोन्ही हातांत मावणार नाही एवढं पार्सल आहे, तर शंभर. ज्यांना जमेल त्यांनी जास्त द्यावं. विद्यार्थी मुलं-मुली खोलीवर वर्गणी काढून मागवतात, त्यांना नाही जमलं तरी हरकत नाही. त्यांनी गेटपर्यंत खाली जाऊन पार्सल घ्यावं. रायडरांना विचारा, त्या पाच मिनिटांची किंमत ते तुम्हाला सांगतील.

उशीर झाला म्हणून मी टीप कापत नाही. १८ मिनिटांचं वेटिंग मी डोळ्यांनी बघितलंय.

ॲपवर द्यायची की हातात? ऑर्डर करताना ॲप आधीच टीप मागतं, ते मला पटत नाही. टॅक्सीच्या ॲपवर तर प्रवास संपल्यानंतरच टीप मागता येईल, अशी दुरुस्ती केंद्र सरकारने डिसेंबर २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वांत केली. जेवणाच्या ॲपवर पार्सल हातात आल्यावरही टीप देता येते, तेव्हा द्या. पण माझा कल हातात देण्याकडे आहे. त्या नोटेचा त्याच रात्री चहा होतो, पेट्रोल होतं. शिवाय हातात द्यायची म्हटलं की दार जरा जास्त वेळ उघडं राहतं.

म्हणून फ्रिजवर हा डबा. बेल वाजल्यावर सुट्टे शोधत बसायला नको. हीसुद्धा पोस्तच. माणूस रोज नवा आहे, तर एकाची वर्षाची पोस्त तीनशे जणांत वाटून द्यायची.

[दृश्य: पुन्हा तीच सोसायटी. बी विंगचा जिना.]

त्या रात्री आम्ही जिन्यात त्याचा हिशेब ऐकत होतो, तेवढ्यात वरचं दार पुन्हा उघडलं. काकू कठड्यावरून वाकून बघत होत्या.

‘‘अरे, गेलास का?’’

तो घाबरला. काहीतरी कमी आलंय, आता तक्रार होणार, रेटिंग जाणार. दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला. काकूंच्या एका हातात पन्नासची नोट होती आणि दुसऱ्या हातात जुना, धुवून घडी घातलेला टॉवेल.

‘‘डोकं पूस आधी. कुठला तू?’’

‘‘परभणी. सेलूजवळचा.’’

‘‘सेलूचा? अरे, माझ्या जावेचं माहेर तिथलं.’’

नोट त्याने नीट घडी करून मोबाइलच्या कव्हरमागे ठेवली. टॉवेल परत द्यायला लागला तर काकू म्हणाल्या, ‘‘असू दे, गाडीवर ठेव.’’ तो खाली आला. सीट पुसली, टॉवेल बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात घातला. पिशवीतला मोबाइल वाजला.

वारजे. ६.४ किलोमीटर. त्याने ऑर्डर घेतली आणि किक मारली.